कूलंटचा दिवा आणि सलीमभाईंची सही

दिवा वर्कशॉपमध्ये लागतच नव्हता. गाडी बीड बायपासला नेली की वीस-पंचवीस मिनिटांनी लागायचा, दोन-तीन मिनिटं राहायचा आणि आपोआप विझायचा. परत आणून बोनेट उघडावं तर सगळं ठीक. तिसरा दिवस असाच चालला होता आणि डॉक्टर काउंटरपाशी उभे होते.

"शुक्रवारी सोयगावला जायचंय," ते म्हणाले. "पुतणीचं लग्न आहे. वडील, आमचे अण्णा, ऑपरेशनपासून माझ्याकडंच आहेत. गावात याच गाडीतून उतरायचं म्हणतेत. लई दिवसांनी त्यांनी काहीतरी मागितलंय."

"देतो, सर. शुक्रवारी नक्की."

हा शब्द मी दिला. मी तिथं फ्लोअर सुपरवायझर होतो. कुठली गाडी कुणाकडं द्यायची, काम झालं की नाही, हे बघणं माझं काम.

गाडी लाल, दोन सीटची, परदेशी, वीस वर्षं जुनी. डॉक्टरांनी ती पुण्याहून सेकंडहँड आणलेली. दिवा होता कूलंट लेव्हलचा. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, त्यात औषध मिसळलेलं असतं. ते कमी झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. पण टाकी तर भरलेली दिसत होती. मग दिवा का लागतो, हा प्रश्न.

कधी लागणारा, कधी न लागणारा फॉल्ट सगळ्यात वाईट. कायमचा बिघाड उभा राहून मार खातो. हा तुम्ही जवळ गेलात की लपतो. आम्ही फ्यूज बदलले, अर्थिंगची वायर साफ केली, वायरी हलवून बघितल्या. शेवटी काम सलीमभाईंकडं गेलं.

सलीमभाई आमचे इलेक्ट्रिशियन. एकोणीस वर्षं त्याच वर्कशॉपमध्ये. स्कॅनर आला तरी त्यांचा भरवसा बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पवर. त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. ते बोलायचे, मी जॉब कार्डवर लिहायचो. जॉब कार्ड म्हणजे गाडीचा कागद, त्यावर काय केलं आणि कुणी केलं ते असतं. सही मात्र त्यांची, उर्दूत, वळणदार. एकदा हात ग्रीसमध्ये गेले की कागद खराब होतो, म्हणून सकाळी हात स्वच्छ असतानाच ते दिवसाच्या कार्डांवर सह्या करून माझ्याकडं द्यायचे. वरचं मी भरायचो. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बुधवारी दुपारी ते बोनेटखालून वर आले.

"वायरिंग अच्छी है, मियाँ. दिवा झूठ नक्को समझो. टाकी खाली करके सेन्सर देखो, फिर रेडिएटर."

"टाकी तर भरलेली आहे, सलीमभाई."

"हौ, भरी हुई है. काहे से भरी है, वो देखो."

गुरुवारी त्यांची सुट्टी होती, बीबीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. पण सकाळी दवाखान्यात जाताना वाट वाकडी करून आले, हात धुतले, माझ्यासाठी दोन कार्डांवर सह्या केल्या. त्यातलं एक लाल गाडीचं. "देख के लिख लेना," म्हणाले.

मी टाकी खाली केली आणि सेन्सर बाहेर काढला. त्याला दोन पिना असतात. त्या पाण्यात बुडालेल्या असेपर्यंत त्यांच्यातून बारीकसा करंट जातो. तो तुटला की गाडीला वाटतं, पाणी संपलं. त्या पिनांवर पांढरा थर होता. चहाच्या जुन्या पातेल्याला बसतो तसा.

तो थर मी ओळखला.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. जायकवाडी तळाला गेलेलं, शहरात नळ आठवड्याने. एकीकडं बायपासला फ्लॅटच्या नव्या स्कीमा उभ्या राहत होत्या, बिडकीनकडच्या जमिनी कारखान्यांसाठी जात होत्या, रोज नवीन गाड्या वर्कशॉपला येत होत्या. वर्कशॉपचं सगळं पाणी बोअरचं. बोअर जसजशी खोल गेली तसतसं पाणी जड झालं, बादल्यांना पांढरे कडे पडायला लागले. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालायचं असतं. चार महिन्यांपूर्वी हीच गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा डिस्टिल्डचे कॅन संपले होते. मागवायचं काम माझं, मी विसरलो होतो. मी बोअरचं पाणी घातलं. कार्डवर लिहिलं, "कूलंट बदलले."

आता सेन्सरवर थर म्हणजे रेडिएटरमध्येही थर. खरं काम दोन दिवसांचं होतं, आणि ते सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मी ब्लेडने पिना खरवडायला बसलो. वीस वर्षांचं प्लास्टिक. एक पीन मुळातून तुटली. सेन्सर परत बसवताना टाकीच्या तोंडाशी कट्‌ असा आवाज आला. मी बोट फिरवून बघितलं. काही लागलं नाही. नवा सेन्सर मागवायला तीन आठवडे लागले असते.

मग मी सेन्सरच्या दोन्ही वायरी सोलल्या, एकमेकींना पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. आता गाडीला कायम वाटणार होतं की पाणी आहे. संध्याकाळी टाकी परत भरून बायपासला पन्नास मिनिटं टेस्ट ड्राइव्ह केली. दिवा लागला नाही. कार्डवर सलीमभाईंच्या सहीच्या वर मी लिहिलं, "सेन्सर कनेक्शन दुरुस्त. ओके."

शुक्रवारी डॉक्टर गाडी घेऊन गेले. अण्णा शेजारी, डोक्याला फेटा.

अजिंठ्याच्या घाटात गाडी बंद पडली. टाकीच्या तोंडाला मी पाडलेली चीर उन्हात आणि दाबाने उघडली, पाणी गेलं. टेंपरेचरचा काटाही चढला नाही, कारण तो पाण्याची उष्णता मोजतो. पाणीच नसलं तर त्याला काही कळत नाही. दिवा एकटा सांगू शकला असता. इंजिन जाम झालं. ते दोघं दोन तास घाटात उन्हात बसले, मग अण्णा एका मालाच्या टेम्पोत बसून लग्नाला पोचले. अक्षता पडून गेल्या होत्या.

सोमवारी गाडी टो होऊन आली. वर्कशॉपच्या मालकांनी स्वतः बोनेट उघडलं. टाकीखाली हात घातला आणि पिळलेल्या वायरी वर काढल्या.

"हे कुणी केलं?"

डॉक्टर बाजूला उभे होते, हाताची घडी घालून. मालकांनी कार्ड मागवलं, वाचलं.

"सलीमभाई, ही सही तुमचीच ना?"

सलीमभाई पुढं आले. त्यांनी वायर हातात घेतली, टेपचं टोक सोडवलं. सलीमभाई टेप कधीच वापरत नसत. सोल्डर करून वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवायचे. "टेप आळशी लोगों का काम," असं मला शंभर वेळा म्हणाले होते. त्यांनी टेप बोटात चुरली आणि माझ्याकडं बघितलं. रागाने नाही. सिग्नलला गाडी उभी करून माणूस समोर बघतो, तसं.

मी कार्डाकडं बघत राहिलो.

"दस्तखत मेरी है," ते म्हणाले.

"गुरुवारी तर तुमची सुट्टी होती?" मालक.

"सुबह आया था. दस्तखत मेरी है, साब."

"आमच्या अण्णांना काही झालं असतं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले. मालकांनी सलीमभाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी टेस्ट लॅम्पची वायर शांतपणे गुंडाळली, खिशात घातली आणि गेले. त्या रिकाम्या बाकड्यासमोर मी आणखी सहा वर्षं सुपरवायझर होतो.

मागच्या वर्षी मी त्यांच्याकडं गेलो. आता ते घरासमोर एका पत्र्याखाली रिक्षांचं वायरिंग करतात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोअरचं पाणी, पीन, टेप. ते हातातलं काम करत ऐकत होते.

"मालूम था," ते म्हणाले. "दो जुम्मे तक राह देखी तुम्हारी. फिर छोड दी."

"मालकांना का नाही सांगितलं?"

"कोरे कागज पे दस्तखत मैंने करी. वो गलती तो मेरीच थी ना." मग एक वायर सोलत, "वो लाल गाडी का क्या हुआ?"

"इंजिन मिळालं नाही. डॉक्टरांनी भंगारात दिली."

त्यांचे हात पहिल्यांदा थांबले.

"रेडिएटर धोने से बच जाती थी," ते म्हणाले, आणि पुन्हा रिक्षाकडं वळले. मला बस म्हणाले नाहीत. मीही बसलो नाही.

आता माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. भिंतीवर दोन नियम लिहिलेत. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही. सही काम झाल्यावरच करायची, हात काळे असले तरी. गिऱ्हाइकं वाचतात आणि म्हणतात, कागद लई खराब असतेत तुमच्याकडचे. मी व्हय म्हणतो.