वडिलांना लिहिलेलं लंडन

वडील खालापूरच्या मराठी शाळेत मास्तर होते. भूगोल शिकवताना त्यांची छडी एकदा लंडनवर टेकली की तिथून हलायची नाही. मला बॅरिस्टर करायचं हे त्यांनी माझ्या मुंजीच्या वेळीच ठरवून टाकलं होतं. समुद्र ओलांडला तर वाळीत टाकू, असं भाऊबंद म्हणाले, तरी ते मागे सरले नाहीत. निघताना मला म्हणाले, "माझं काही तिकडे जाणं होणार नाही. तू पाहशील ते सगळं लिही."

बोट धक्क्याला लागली तेव्हा भर दुपारी दिवे लावलेले होते. मला वाटलं, काही उत्सव असेल. उत्सव कसला, धुराने आणि धुक्याने उजेडच नव्हता. नदीला गटाराचा वास येत होता. धक्क्याबाहेर एक अनवाणी गोरी बाई कडेवर पोर घेऊन भीक मागत होती. गोरं माणूस भीक मागतं हे मला ठाऊकच नव्हतं. ट्रंक हातात धरून मी तिच्याकडे बघतच राहिलो.

पोटमाळ्यावर खोली मिळाली. खिडकी सकाळी पुसावी तर संध्याकाळी पुन्हा काजळी. जेवायला उकडलेले बटाटे आणि कोबी. घरमालकीण वाईट नव्हती, पण पावसापाण्याखेरीज माझ्याशी तिने महिनोन्महिने काही बोलणं केलं नाही.

पहिलं पत्र लिहायला बसलो आणि खरं लिहायला हात धजेना. 'रस्ते धुतल्यासारखे आहेत,' असं लिहिलं. वडिलांचं उत्तर आलं: पत्र वर्गात वाचून दाखवलं, मग महालकऱ्यांनी कचेरीत मागवून घेतलं. 'आता नदीबद्दल लिही. मुलं विचारतात.' मी नदीबद्दल लिहिलं. निर्मळ आहे म्हणून लिहिलं.

दुसऱ्या हिवाळ्यात खोकला जडला आणि परीक्षेत नापास झालो. त्या दिवशी मात्र सगळं लिहिलं. धूर, ती बाई, खोकला, आणि मला परत यायचंय हेही. दीड महिन्याने उत्तर आलं. 'हे पत्र कोणाला दाखवलं नाही. औषध घे. पुढलं नीट लिही.'

पुढलं नीट लिहिलं. परीक्षेत पुन्हा नापास झालो, तेव्हा परतलो.

घरी आल्यावर प्रायश्चित्त झालं. वडिलांनी परीक्षेचं नावही काढलं नाही. पडवीत माणसं जमली होती. भाताची पोती घेऊन कडावहून आलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "दादा, तितं समदी गोरीच हायत ना? मंग रस्ता कोन झाडतं?"

मी तोंड उघडलं.

"तिथं कचराच होत नाही," वडील म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

पुढे कर्जतच्या शाळेत मीही मास्तर झालो. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी पत्रं तोंडपाठ म्हणून दाखवत. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात एकदा मी म्हणालो, "अण्णा, तिकडचं मी जे लिहिलं होतं ना, ते…"

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठलो. आलो तोवर त्यांचा डोळा लागला होता. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही.