रावसाहेबांची काठी

नूरमहंमद कातारी कशाचंही कौतुक करताना आधी एक डोळा मिटायचा. लाटणं, पाळण्याचा दांडा, पलंगाचा पाय, जे काही हातात येईल ते डोळ्यापुढे आडवं धरून आधी त्याची सरळ रेघ पाहायचा आणि मगच बोलायचा. लग्नाच्या वेळी आपल्यालाही त्याने असंच पाहिलं होतं, असं त्याची बायको बिस्मिल्ला सगळ्या लोणावळ्याला सांगत असे. तीस वर्षांत आपल्या दुकानातून वाकडी वस्तू बाहेर गेली नाही, याचा त्याला फार गर्व होता, आणि तो लपवण्याचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत.

एकोणीसशे चौतीसच्या पावसाळ्यात एका दुपारी वलवणचा सोपान काठीचे दोन तुकडे घोंगडीत गुंडाळून दुकानात शिरला. टेकडीवरच्या क्लबात बिलियर्डचं टेबल पुसणं, चेंडू मांडणं, गुण मोजणं हे त्याचं काम.

"नूरभाई, मेलो! व्हरांड्यात माकड शिरलं. हाताला गावली ती काठी घेतली नि हाणली. माकड गेलं पळून, काठी बसली खांबावर. आन् काठी कुनाची, तर रावसाहेबांची!"

क्लबाचे सेक्रेटरी रावसाहेब म्हणजे निवृत्त इंजिनियर. वीस वर्षं ते याच एका काठीने बिलियर्ड खेळत आले होते. ती पुसायलासुद्धा दुसऱ्याला देत नसत.

"शनवारी पुन्याहून येत्यात. त्यांना कळलं तर माजी नोकरी गेलीच. घरी पाच तोंडं हायती, नूरभाई."

नूरमहंमदने तुकडे जमिनीवर जुळवले आणि एक डोळा मिटला. मोड पुढच्या, निमुळत्या भागात होता. खालचा काळा शिसवी भाग शाबूत होता. पण मोडायच्या आधीच काठीला बाक आला होता, गव्हाच्या दाण्याएवढा. लोणावळ्याच्या दमट हवेने विलायती लाकडाचं असंच होतं.

"अरेरे, असल्या काठीनं खेळत होते बिचारे!" तो म्हणाला. "पुढचा भाग नवा जोडतो, सोपानभाऊ. पहिल्यापेक्षा चांगली होईल."

चुलीवरच्या माळ्यावर चार वर्षं धूर खाल्लेला धामणीच्या लाकडाचा दांडा होता. तो त्याने रंध्याने उतरवला, काचेच्या तुकड्याने खरवडला आणि शिसवी भागात असा बसवला की सांधा शोधून सापडेना. टोकाची चामड्याची टिकलीसुद्धा जुनीच चिकटवली. पॉलिश लावून त्याने काठी डोळ्यापुढे धरली. ओळंब्याची दोरी जशी! इतकं सरळ काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, हे त्याला स्वतःलाच जाणवलं आणि त्याचे डोळे भरून आले.

सोमवारी सोपान पुन्हा दारात. चेहरा आधीपेक्षा उतरलेला.

"काठी वळखली न्हाई त्यांनी. पन दोन दिस एक चेंडू भोकात जाईना! संगं खेळनारे डॉक्टरसायेब लय हसले. रावसाहेब म्हनत्यात, टेबलच कललंय, तू निगा राखत न्हाईस. येत्या शनवारपातुर नीट कर, न्हाईतर घरी बस."

टेबल तपासायला म्हणून नूरमहंमद पाणसळ घेऊन क्लबात गेला. टेबल चोख होतं. पुण्याला परतण्याआधी रावसाहेब सरावाला आले तेव्हा तो कोपऱ्यात उभा राहून पाहू लागला. त्यांनी नेम धरला, त्याने एक डोळा मिटला, आणि सगळा उलगडा झाला. रावसाहेब दर वेळी केसभर उजवीकडे नेम धरत होते. वीस वर्षांत काठीचा बाक त्यांच्या अंगवळणी पडला होता; सरळ काठीने चेंडू चुकणारच.

वाटेत त्याने सोपानला हे सांगितलं. सोपानने रस्त्यातच हात जोडले.

"मग वाकडी करा की, नूरभाई!"

नूरमहंमद त्या दिवशी जेवला नाही. ती काठी वाकवायची म्हणजे स्वतःच्या तोंडात मारून घेण्यासारखं होतं. पण सोपानची पाच तोंडं डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी रावसाहेब पुण्याला गेल्यावर सोपानने गुपचूप आणलेली काठी त्याने पागोळ्यांखाली आडवी टांगली आणि मध्ये दगड बांधला. दोन दिवस धो धो पाऊस पडला. काठी तसूभरही वाकली नाही.

"एवढी पक्की करायला कुणी सांगितलं होतं?" बिस्मिल्ला म्हणाली. तिने त्याला ओढत चुलीशी नेलं आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. त्या वाफेवर धरून, गुडघ्यावर दाबून, पुन्हा वाफेवर धरून त्याने गव्हाच्या दाण्याएवढा बाक आणला. बिस्मिल्ला हसून हसून लाल झाली. त्याला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी रावसाहेबांनी डॉक्टरांना असं धुतलं की विचारू नका. नूरमहंमदला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सगळ्यांदेखत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"टेबल काय सुरेख लावलंत! आणि सोपान, तू कुठं जायचं नाहीस." मग त्यांनी डॉक्टरांची काठी उचलली. "यांची काठी बिघडलीय. माझ्या काठीसारखी सरळ करून द्या यांना."

नूरमहंमदने डॉक्टरांची काठी डोळ्यापुढे धरली. ती अगदी सरळ होती. तसं सांगायला त्याने तोंड उघडलं. रावसाहेबांच्या मागून सोपानने हात जोडले.

"नाही जमायचं, रावसाहेब," नूरमहंमद म्हणाला. "तुमच्या काठीसारखी काठी माझ्या हातून आता पुन्हा व्हायची नाही."

"खरंय," रावसाहेब अभिमानाने म्हणाले, "विलायती माल आहे तो!" आणि त्यांनी पुढचा नेम धरला, केसभर उजवीकडे.