दहाव्याचे कावळे

माझा भाऊ गेला तेव्हा नेरुळच्या खाडीकाठची पाणथळ भराव टाकून निम्मी बुजवली होती. ती वाचवायला त्याने कितीतरी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. तिथे राडारोडा टाकणारे डंपर आमच्याच चुलतभावाचे होते.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे कांदळवनात बसून होते, पण एकही खाली येईना. मग रिवाजाप्रमाणे, गेलेल्याच्या मनात जे राहिलं असेल ते एकेकाने बोलून पाहिलं. वहिनी म्हणाली, लेकीचं शिक्षण पुरं करीन. कावळे हलले नाहीत. सगळे चुलतभावाकडे बघू लागले.

त्याने हात जोडले. "दादा, तुजी पोर ती माजी पोर हाय. तिचं लगीन मी करीन."

"लग्नाचं कोन विचारतंय?" त्याची आईच कडाडली. "डंपर बंद करतो म्हन."

"आये, ते सोडून काय पन बोलतो."

"मेलेल्या भावाशी पन सौदा करतोस का रे?"

"मंग कावल्यासाठी धंदा बंद करू?"

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

नातेवाईक अजून म्हणतात, चुलतभावाने तोंडदेखलं तरी बोलायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. तो बोलला असता तर त्यावर विश्वास ठेवून मी घरी रडत बसले असते. आता भावाच्या जागी मी तक्रारी करते, आणि प्रत्येक तक्रारीत चुलतभावाचं नाव सगळ्यात आधी लिहिते.