उजव्या कोपऱ्यातल्या पकडी

आठ वर्षं कबड्डी खेळताना मी एका माणसाच्या बाजूला चढाईला गेलो नाही, कारण मला त्याची भीती वाटायची. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, संघातल्या एकालाही नाही. ज्या खोलीत ते सांगायला हवं होतं तिथे तर मी नेमकं उलटं बोललो.

मी गिरगावातला, फणसवाडीत वाढलेला. तो लालबागचा. त्यांच्या मंडळाचं आणि आमचं कधीच पटलं नाही. आम्ही मैदानात उतरलो की कडेची पोरं ओरडायची, "आले वरणभातवाले." आमच्या बाजूने बघता तो उजव्या कोपऱ्यात उभा असायचा. गुडघे वाकवून, हात सैल सोडून, तोंडातून एक शब्द न काढता. पहिल्याच सामन्यात मी जोशात त्याच्या अंगावर गेलो, पाय टाकला आणि परत घेता आला नाही. डाव्या गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. पकड नियमात होती, पंचांनी बोटसुद्धा वर केलं नाही. मी मातीत पडलेला असताना तो वाकून म्हणाला, "जा घरी. आई वाट बघत असेल."

दोन महिन्यांनी मी परत खेळायला लागलो. कप्तान झालो. प्रत्येक सामन्याआधी आमच्या चढाई करणाऱ्यांना बजावायचो, "उजवीकडे फिरकायचं नाही. डावीकडून काय मिळेल ते घ्या." त्याला मी डावपेच म्हणायचो. आमचं बघून बाकीचे संघही तेच करायला लागले. त्या बाजूचं अर्धं मैदान त्याने नुसतं उभं राहून बंद केलं होतं. उरलेल्या अर्ध्यात आम्ही सगळे गर्दी करायचो आणि त्याचे साथीदार आम्हाला आरामात धरायचे. पकडी त्यांच्या नावावर जायच्या. गुणलेखक बिचारा काय करणार? ज्याने पाय धरला त्याचं नाव लिहायचं, एवढंच त्याचं काम. ज्याच्या भीतीने तो पाय तिकडे गेला, त्याच्यासाठी वहीत जागाच नसते.

मी खेळाडू म्हणून दादरच्या एका कार्यालयात नोकरीला लागलो होतो. अठरा वर्षांपूर्वी, माझा खेळ संपता संपता, तिथल्या संघात बचाव करणाऱ्याची एक जागा निघाली. पक्की नोकरी. शेवटी दोन नावं उरली. एक आमच्याच गिरगावाकडचा नवा कोपरारक्षक आणि दुसरा हा. त्याचं वय बसायचं ते शेवटचं वर्ष होतं.

आमचे साहेब सरळ माणूस. म्हणाले, "मला वशिला नको आणि गप्पाही नकोत. कुणी किती पकडी केल्या ते कागदावर आणा." काम माझ्याकडे आलं. मी मंडळामंडळांत फिरून तीन हंगामांच्या गुणवह्या जमवल्या आणि तक्ता केला. आकडे खरे होते. एकही मी वाढवला नाही, एकही कमी केला नाही. त्या नव्याच्या पकडी ह्याच्या तिपटीहून जास्त भरल्या. भरणारच. तो कच्चा होता म्हणून सगळे त्याच्यावरच जायचे. दहा जण अंगावर आले की तीन हाताला लागतात. उरलेले सात गुण घेऊन निसटतात, त्यांचा रकाना मी आखलाच नाही. साहेबांनी मागितला नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बैठकीत एक जुने पंच होते. त्यांनी तक्ता बघितला आणि टेबलावर ठेवून दिला. "साहेब, ह्याच्या बाजूला कुणी जातच नाही. मग पकडी कुठून येणार?" साहेबांना मुद्दा कळला. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही खेळलाय ना ह्याच्याविरुद्ध? खरं आहे हे?"

एक 'हो' पुरला असता.

मी म्हणालो, "तसं काही नव्हतं, साहेब. माझी चढाई मुळातच डावीकडे चांगली. बाकीच्यांचंही तसंच असेल."

पंच माझ्याकडे बघत राहिले. नव्याला नोकरी लागली. दोन वर्षांत त्याचं खेळणं सुटलं, आज तो आमच्याकडे फायली बघतो. पंच वारले. साहेब निवृत्त होऊन माहीमला असतात, दिवाळीला फोन करतात आणि आवर्जून म्हणतात, "तुमचा तो तक्ता! तेव्हापासून आपल्याकडे आकड्यांशिवाय निवड झाली नाही." आता मोबाइलवर कुणाच्या किती पकडी हे मिनिटात दिसतं आणि आमच्या कॅन्टीनमध्ये मैदान न बघितलेले लोक त्यावरून खेळाडू निकालात काढतात. मला त्यांचा संताप येतो. तो गिळायला लागतो, कारण ही चाल मीच पाडली.

मागच्या महिन्यात तोच डावा गुडघा घेऊन परळच्या एका इस्पितळात गेलो. चौथ्या माळ्यावर हाडांचा विभाग. लिफ्टमध्ये स्टुलावर तो बसला होता. खाकी शर्ट, केस गेलेले, हात तसेच सैल. मी दारातच थांबलो.

"ये की," तो म्हणाला. "आता तरी माझ्या बाजूला ये."

आत दोन नर्स होत्या, त्या दुसऱ्या माळ्यावर उतरल्या. त्याने माझ्या हातातला एक्स-रे बघितला.

"कुठला?"

"डावा."

"मग माझाच की तो." तो हसला नाही. "तू काय, पक्का होतास ना? मी इथे कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा कागद."

त्याने बटणावर बोट ठेवून दार धरून ठेवलं.

"एक विचारतो. त्या पंचांनी मला सांगितलेलं, तू आत काय बोललास ते. तुझी डावी बाजू चांगली, म्हणून तू माझ्याकडे येत नव्हतास. खरं काय रे ते?"

"आता कशाला ते सगळं?"

"मला वाटायचं तुम्ही लोक टरकता मला. आठ वर्षं त्याच गुर्मीत उभा होतो. घरात पण तेच सांगायचो. पोरगी म्हणते, बाबा, मग तुमच्या पकडी एवढ्याशाच कशा? तिला काय सांगू? सांग तू. मी येडा होतो काय?"

दार बंद झालं. तिसरा माळा गेला. चौथ्यावर दार उघडलं आणि मी म्हणालो, "माळा आला."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "जा. तसा पण तू डावीकडूनच जाणार."

खरंच, हाडांचा विभाग डावीकडे होता.

खाली उतरताना मी जिना घेतला. चार माळे, त्या गुडघ्याने, कठड्याला धरून. त्याच्यानंतर दोनदा तपासणीला गेलो आणि दोन्ही वेळा जिन्यानेच चढलो. डॉक्टर म्हणाले, लिफ्ट आहे ना आपल्याकडे.

मी त्याला नोकरी परत देऊ शकत नाही. पण तू येडा नव्हतास, आम्ही तुला घाबरायचो आणि सगळ्यांत जास्त मी, हे मला त्याला सांगायचं आहे, त्याच्या मुलीसमोर. आणि माहीमला जाऊन साहेबांनाही सांगायचं आहे की त्या बैठकीत मी खोटं बोललो. ही दोन्ही देणी अजून माझ्याकडे आहेत.