तहानलेला वाफा

आभाळ गडगडलं की आवडाबाई आधी मोरीकडे पाहते. वर नाही. गल्लीतल्या सगळ्याच बाया तशा पाहतात, पण आवडाबाईला स्वतःचं नवल वाटतं. रिठद गावच्या मळ्यात वाढलेली बाई ती. तिचा बाप, दौलतराव, पाऊस लागला की डोक्यावर पोतं घेऊन मुद्दाम बाहेर उभा राहायचा आणि कोणी आत बोलावलं तर चिडायचा.

नवऱ्याने वाशीमला भाजीचं दुकान टाकलं आणि या सखल गल्लीत घर घेतलं, तेव्हा दोन पायऱ्या चढून आत जावं लागे. मग रस्ता झाला, रस्त्यावर पुन्हा रस्ता झाला, आणि आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. घर जागचं हललेलं नाही. पावसाचं पाणी मात्र दाराची वाट पाहत नाही. मोरीतून येतं, खालून, बुडबुडे काढत, गल्लीभरच्या खरकट्याचा वास घेऊन. मग मोरीत गोणपाट कोंबायचं, त्यावर पाटा ठेवायचा, पाट्यावर वरवंटा. चटणी मिक्सरवर होते. पाटा-वरवंट्याला आता हेच काम.

बापाचा फोन नेमका अशाच वेळी येतो.

"पानी हाय का तिकडं?"

"हाय ना बाबा. मरनाचं."

"इकडं टिपूस नाही. वांगे मान टाकून राह्यले."

बाप पावसाला म्हणतो ये, लेक म्हणते जा. एकाच घरातली दोन माणसं असं उलटसुलट मागायला लागल्यावर देवाने तरी काय करावं, असं आवडाबाईच्या मनात येतं. आपण कधीपासून 'जा' म्हणायला लागलो, हे काही तिला आठवत नाही.

नागपंचमीच्या तोंडावर एका दुपारी पावसाने कहर केला. नाली तुंबली आणि पाणी आवडाबाईच्या दारात चढू लागलं. दारापुढेच गल्लीतल्या लोकांनी मोटारसायकलवाल्यांसाठी गतिरोधक घातलेला. त्या उंचवट्याने पाणी अडून बसलं होतं, बांधाला अडावं तसं. आवडाबाईने ते पाहिलं आणि पुढचा विचार केलाच नाही. मळ्यात एक वाफा भरला की दांडाची माती फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, हे तिचे हात झोपेतही करतील. तिने लोखंडी सब्बल आणली आणि गतिरोधकाची कड फोडली. पाणी खळखळून निघालं. तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच भिजत उभी राहिली.

पाणी गेलं ते समोरच्या मंजूच्या घरात.

मंजू ब्लाऊज शिवते. मशीनखाली सणाच्या कापडांचं गाठोडं होतं. ती साडी खोचून बाहेर आली.

"काकू, सब्बल तुमच्याच हातात हाय ना? का मलेच दिसून नाही राह्यलं?"

"माह्या दारात तुंबलं होतं व. वाट करून देल्ली."

"वाट? माह्या घरातून? गल्लीले वावर समजल्या का तुमी?"

पाऊस थांबल्यावर आवडाबाई भिजलेलं गाठोडं आपल्या नळावर घेऊन आली आणि दोघी कापडं धुवायला बसल्या.

"वास जाईन," मंजू म्हणाली. "पन लोकायले काय सांगू? शेजारनीनं माह्या घराले पानी देल्लं, पीक चांगलं येईन?"

आवडाबाईला हसू आलं. मंजूला आलं नाही.

"ते फोडलेलं बुजवा काकू. पुढच्या पावसाच्या आत. मशीन बुडाली तर मी खाऊ काय?"

बुजवावं, तर आपल्या चुलीत पाणी. तसंच ठेवावं, तर मंजूच्या मशीनमध्ये. आवडाबाई पिळ्याकडे पाहत राहिली. मळ्यात पुढचा वाफा पाण्याची वाटच पाहत असतो. इथे कोण वाट पाहतं? आणि तेवढ्यात तिला एक प्रश्न पडला, जो इतक्या वर्षांत पडायला हवा होता.

"मंजू, तुह्या घरापासून पुढं पानी कुठं जाते?"

"गेलं की गेलं. त्याच्या मांगं कोन जाते?"

"चाल, पाहू."

"काकू, खरंच डोकं फिरलं का तुमचं?" असं म्हणत मंजू चपला घालून निघाली.

भिंतींवर पाण्याची रेघ उमटलेली होती. कुठे केस, कुठे गुटख्याची पुडी चिकटलेली. त्या रेघेमागे दोघी गेल्या. मंजूच्या घराच्या अंगाने वळून रेघ एका मलब्याच्या ढिगाशी संपली. कोणीतरी घर पाडून विटा-माती आणून टाकली होती. इथेच पाणी अडायचं आणि मागे फिरायचं. ढिगापलीकडे एक मोकळा प्लॉट, खोलगट, गाजरगवत माजलेला. आवडाबाई ढीग चढून पलीकडे उतरली, खाली बसली, मातीत बोटं घातली. वरची पापडी ओली. आत कोरडी, काळी, भेगा अजून मिटलेल्या नव्हत्या.

"मंजू! हे तं तहानलेलं हाय व!"

"प्लॉटवाला पुन्याले राह्यते. उद्या घर बांधलं म्हंजे?"

"उद्याचं उद्या. त्याले फोन लावू, इचारू."

प्लॉटवाला फोनवर म्हणाला, गवत काढून देणार असाल तर काही करा. मग दोघींनी मिळून ढिगातून वाट काढली. आवडाबाईने दांड आखला, मंजूने विटा उचलल्या. विटांबरोबर तिच्या तोंडाचा पट्टाही चालूच होता.

"डासं होतीन."

"काळी माती हाय, पिऊन टाकीन. कडंनं चमकोरा लावू. अळूच्या वड्या होतीन."

"गटाराचा चमकोरा? तुमीच खा."

सणाच्या दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि कोसळलं. मंजू झाडू घेऊन तिच्या पायरीवर, आवडाबाई सब्बल घेऊन आपल्या दारात. फोडलेल्या कडेतून पाणी सुटलं, मंजूच्या पायरीला घासलं, वळलं. फोन वाजला.

"पानी हाय का तिकडं?"

"हाय बाबा. वाफा भरून राह्यला."

"कोनता वाफा? तुह्याकडं कुठला आला वाफा?"

ती सांगणार, तेवढ्यात समोरून मंजू ओरडली, "काकू, माही एकच पायरी बुडाली! तुमची मोरी काय म्हनते?"

आवडाबाई दचकली. पाऊस सुरू झाल्यापासून मोरीकडे पाहायचं राहूनच गेलं होतं.

"थांब, पाहून येतो," ती म्हणाली. पण बाप कानाशी 'हॅलो, हॅलो' करत होता आणि पाणी प्लॉटच्या वळणावर पोचलं होतं. ते प्लॉटात शिरेपर्यंत तिचा पाय उचलेना.