आम्रपालीचा पत्ता

मोशीत राहायला आल्यापासून आम्रपालीनं दारावर नावाची पाटी लावली नव्हती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "अहो, पाटी नाही लावली अजून?" तर हिनं सांगितलं, सुतार मिळत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत एवढे कारखाने, एवढे कारागीर, आणि हिला एक सुतार मिळेना! शेजारणीला ते काही पटलं नाही, पण बाई सरळ आहे, आपल्या वाटेनं जाते-येते, म्हणून तिनं विषय सोडला. सोसायटीच्या ग्रुपवर आम्रपालीच्या फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल असायचं. पार्सल आलं की ती स्वतः खाली गेटवर जाऊन घ्यायची, खोक्यावरचं नाव-पत्त्याचं स्टिकर सोलायची, त्याचे तुकडे करायची आणि ते तुकडे वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाकायची. लोक म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी काही ब्रह्मराक्षसाशी लग्न केलेलं नव्हतं.

ह्या ब्रह्मराक्षसाचं नाव समाधान. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. उदगीरकडे टेम्पो चालवायचा. दिसायला देखणा, बोलायला गोड, चारचौघांत बायकोला 'अहो' म्हणून हाक मारणारा. घराचं दार लागलं की मात्र माणूस बदलायचा. मारायचा तोही असा हिशेबानं की साडीबाहेर काही दिसू नये. एकदा ती तिकडच्या चौकीत गेली. तिथल्या साहेबानं समाधानला बोलावलं, दोघांना चहा पाजला आणि म्हणाला, नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटवून घ्या. त्या चहाची भरपाई तिनं घरी गेल्यावर केली. शेवटी एक दिवस तो भाडं घेऊन सोलापूरला गेलेला असताना ती लहानग्या साक्षीला कडेवर घेऊन निघाली. फोन तिनं मुद्दाम फडताळातच ठेवला. सिमकार्ड त्याच्याच नावावर होतं, लग्न झाल्यावर त्यानंच आणून दिलेलं. फोनवरून माग काढता येतो, एवढं तिला तेव्हाही कळत होतं.

तिचे वडील भीमराज रहाटणीत राहतात. परळीकडून पिंपरीला आले, एका कारखान्यात उभी हयात घालवली आणि दोन खोल्या बांधल्या. लेक आधी तिथंच आली. पण ते घर जावयाला माहीत. तो यायचा, गल्लीत उभा राहून शिव्या द्यायचा. मग एक दिवस तो साक्षीच्या बालवाडीच्या फाटकाशी चॉकलेट घेऊन उभा राहिला. पोरीनं त्याला ओळखलं नाही, ती बाईंच्या मागं लपली, म्हणून वाचली. त्याच आठवड्यात आम्रपालीनं मोशी गाठली. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे लहान भाग तयार होतात, तिथं तिला तपासणीचं काम मिळालं. कुणी विचारलं तर भीमराज सांगायचे, "लेक नाशकाला असते." खोटं बोलताना त्यांचा आवाज चिरकायचा, पण बोलायचे.

अशी वर्षं गेली. साक्षी पाचवीत गेली. भीती काही गेली नाही, फक्त अंगवळणी पडली. नाशिक हायवेवर लातूर-उदगीरकडचा, एमएच चोवीसचा टेम्पो दिसला की आम्रपालीची ओढणी आपोआप तोंडावर यायची. चाकणच्या रस्त्यावर तर साऱ्या देशाचे टेम्पो येतात, तेव्हा ओढणीला उसंत नसायची.

कंपनीच्या बसमध्ये तिच्याशेजारी तनुजा बसायची. तनुजाच्या भावाचं लग्न ठरवणं चाललं होतं. पूर्वी स्थळ आलं की मामा-काका चौकशीला गावी जायचे, आता आधी मोबाइल जातो. तनुजाला माणसं शोधून देणारी एक साइट सापडली होती आणि तिला तिचं फारच कौतुक.

"ताई, नुसतं नाव टाक, अख्खी कुंडली निघते बघ. त्या चिखलीच्या पोरीचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, इथं पकडलं मी!"

गंमत म्हणून तिनं बसमधल्या एकेकाचं नाव टाकायला सुरुवात केली. ड्रायव्हरचं निघालं, सुपरवायझरचं निघालं, सगळे हसले. "आता तुझं," असं म्हणत तिनं बोटं चालवली. आम्रपाली 'नको' म्हणेपर्यंत नाव टाकून झालं होतं.

पान उघडलं. आम्रपालीचं पूर्ण नाव. वय. पतीचं नाव समाधान. आधीचं गाव उदगीर. संबंधित व्यक्ती भीमराज, रहाटणी. आणि सध्याचा पत्ता म्हणून मोशीतल्या सोसायटीचं नाव, विंग, मजला, फ्लॅटचा नंबर. खाली एक मोबाइल नंबर होता, मधले आकडे झाकलेले.

"बरोबर आहे की नाही?" तनुजानं हसत विचारलं.

आम्रपालीच्या पायाखालची वाळू सरकली. बसमध्ये एवढी माणसं आणि सगळ्यांच्या देखत आपल्याला कुणी रस्त्यावर उभं केलंय, असं तिला झालं. ती म्हणाली, "जुनं आहे गं, चुकीचं आहे." आणि त्या दिवशी स्वतःच्या थांब्यावर न उतरता ती पुढच्या थांब्यावर उतरून उलटी चालत आली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

हे कुठून गेलं असेल, ह्याचा ती घरी बसून विचार करत राहिली. वीजबिल मालकाच्या नावावर. गॅस वडिलांच्या, अप्पांच्या नावावर, पार्सलंही त्यांच्याच नावानं. बँकेत, कंपनीत, शाळेत रहाटणीचाच पत्ता. मोशीचा पत्ता तिनं आपल्या नावासकट एकाच जागी दिला होता, मतदार यादीत. तोही अप्पांनी बसू दिलं नाही म्हणून. भीमराजांच्या घरात उपास-तापास नाहीत, मुहूर्त नाहीत, पण मताच्या दिवशी अंघोळ करून पांढरे कपडे घालून सर्वांच्या आधी रांगेत उभं राहायचं, हा नेम. "बाबासाहेबांनी हातात दिलेली गोष्ट हाय ती, माय. घर बदललं तर नाव बदलून घे, पण मत सोडू नको." हिनं सोडलं नाही. त्या साइटवाल्यांनी कुठलं कुठलं उचलून एकाला एक जोडलं असणार, जुना नंबर, नवं घर, बापाचं नाव. ह्या लोकांना माणसाच्या अब्रूची नाही तर नाही, जिवाचीही चाड नसावी ह्याची मला तरी चीड येते. आम्रपालीला चीड यायला सवड नव्हती. तिला नुसती धडकी भरली होती.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, शाळेला नसते. साक्षीला शाळेत सोडून आम्रपाली घरी आली, आतून कडी लावली आणि ते पान उघडून बसली. खाली बारीक अक्षरांत एक ओळ सापडली, 'माझी माहिती काढून टाका.' तिला हायसं वाटलं. ओळीवर बोट ठेवलं. संपर्कासाठी नंबर मागितला, तिनं आपला चालू नंबर दिला. कारण मागितलं, तिनं 'सुरक्षा' निवडलं. मग उत्तर आलं, खात्री करून घेण्यासाठी कोड पाठवला आहे.

ती कोडची वाट बघत बसली. कोड येईना. कधी रेंज नसते, म्हणून गॅलरीत जाऊन आली. 'पुन्हा पाठवा' दाबलं. परत दाबलं. चांगलं घट्ट दाबलं, जसा काही दाबण्यातच दोष होता. मग तिचं लक्ष त्या ओळीच्या शेवटाकडे गेलं. कोड तिच्या नंबरवर जातच नव्हता. पानावर नोंदवलेल्या नंबरवर जात होता, आणि त्याचे शेवटचे आकडे होते एकेचाळीस.

फडताळात ठेवलेल्या फोनचे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गेली एवढी वर्षं ज्याच्यापासून लपली, त्याच्या खिशात तिनं स्वतःच्या हातानं घंटा वाजवली होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तो नंबर बंद असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. कोण कशाला चालू ठेवील? दुसऱ्या कुणाला गेला असेल. त्याला गेला तरी तो वाचणार नाही, असले शंभर मेसेज येतात. ती ओट्यापाशी गेली, पाण्याचा ग्लास भरला आणि प्यायचंच विसरली.

मेसेज आला तेव्हा फोन टेबलावर थरथरला. एकेचाळीसचा नंबर.

आधी कोडचे आकडे होते. मग खाली मराठीत:

"घे तुझा कोड. विनंती कुणी केली त्याचा नंबर पण दिलाय त्यांनी, चांगली साइट आहे. पुसून टाक सगळं. माझं पाठ झालंय. साक्षी पाचवीत असेल ना आता?"

आम्रपालीनं चप्पल घातली की नाही ते तिला पुढं आठवलं नाही. रिक्षात बसून ती "लवकर, भाऊ, लवकर" एवढंच म्हणत होती. उदगीर काही उशाशी नाही, इतक्यात तो पोचणार नाही, हे डोक्याला समजत होतं. पण टेम्पोवाला माणूस आज उदगीरलाच असेल कशावरून? चाकणात माल उतरवत असला तर? शाळेच्या फाटकाशी एक टेम्पो उभा होता. तिला ओरडावंसं वाटलं आणि आवाज फुटला नाही. टेम्पोतून पाण्याचे जार उतरत होते.

साक्षी वर्गात होती. बाई चिडल्या, मधेच कसं नेता म्हणाल्या. आम्रपालीनं पोरीचा हात एवढा घट्ट धरला की पोर म्हणाली, "मम्मी, दुखतंय." तरी तिनं सोडला नाही. घरी जायची हिंमत नव्हती. चौकातल्या रसवंतीत लोकांच्या मधोमध बसून तिनं अप्पांना फोन केला.

भीमराज आले. त्यांनी चष्मा लावून मेसेज वाचला आणि फोन परत दिला.

"म्याच म्हणलो होतो तुला, यादीत नाव लाव म्हणून," ते म्हणाले. "म्याच घात केला, आमू."

"अप्पा, ते आता नको."

"बरं. ऐक. आळंदीला मावशीकडं जा आजच. सामान मी आणतो. त्या घराचं भाडं-बिडं मी बघतो. मग पुढं नगरला, न्हाईतर कुठं..."

"परत शाळा बदलायची?" साक्षीनं विचारलं. तिनं रडून विचारलं नाही, साधंच विचारलं. तेच आम्रपालीला सहन झालं नाही.

तिनं फोनकडे पाहिलं. कोड तिथंच होता. टाकला की पान पुसलं जाणार. तनुजाला सापडणार नाही, कुणालाच सापडणार नाही. पण त्याच्या डोक्यातलं कोण पुसणार? आळंदीला गेली, नगरला गेली, तरी तिथं जगायचं म्हणजे कुठंतरी नाव लावावंच लागणार. शाळेत, कंपनीत, दवाखान्यात. आणि कुणीतरी ते उचलून पुन्हा जोडणार. तिला इतकी भीती वाटत होती की रसाचा ग्लास उचलता येत नव्हता. तरी ती उठली.

"चौकीत जाऊ, अप्पा."

"माय, मागच्या वेळी..."

"माहितीये मागच्या वेळचं. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता त्यानं लिहून दिलंय."

चौकीत टेबलापाशी मिनल नावाची एक तरुण हवालदार बसली होती. समोरच्या बाकावर मोटारसायकल चोरीला गेलेला एक माणूस, भाडेकरूचे कागद घेऊन आलेली एक जोडी, आणि कुणीतरी दोघं नुसतेच. आम्रपालीला बाक दिसला तसा जुना चहा आठवला. मिनलनं मेसेज वाचला, पुन्हा वाचला. ती हसली नाही, मिटवून घ्या म्हणाली नाही.

"हे काही पुसायचं नाही हां. तो कोड टाकू नका अजून. आधी ह्याचा फोटो, त्या पानाचा पण. मग पुसायचं काय ते. पूर्वी मारहाण?"

"हो."

"लेकीच्या शाळेत मी आजच बोलते. आधी तक्रार घेऊ." तिनं की-बोर्ड पुढं ओढला. "पूर्ण नाव?"

आम्रपालीनं सांगितलं.

"पत्ता?"

खोलीत एकदम शांत झालं, असं तिला वाटलं. खरं तर पंखा कुरकुरत होता, बाहेर गाड्या वाजत होत्या. बाकावरचा मोटारसायकलवाला तिच्याचकडे बघत होता. हा कोण? उदगीरकडचा तर नाही? मोशीत आल्यापासून तिनं आपला पत्ता कधी तोंडानं, मोठ्यानं, परक्या माणसांत उच्चारला नव्हता. रिक्षावाल्यालाही ती चौकापर्यंतच सांगायची. मागं अप्पा साक्षीचा हात धरून उभे होते आणि साक्षी आईकडे टक लावून बघत होती.

"ताई? पत्ता सांगा ना."

आम्रपालीनं टेबलाची कड धरली आणि सांगितला. सोसायटीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट, मोशी, पिन कोड. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा शिपाई दारात डोकावला.

"हळू, ताई, हळू," मिनल म्हणाली. "मी इथंच बसलेय."

पण तिला हळू सांगणं जमेना.