दामूकाका सुकाणू देत नसत

राईच्या खाडीवर दामूकाकांच्या होडीचा एक नियम होता. चौदाव्या वर्षी ते पोराला जाळं ओढायला घेत, सोळाव्या वर्षी नांगर टाकायला लावत. सुकाणू मात्र पंचविशी गाठल्याशिवाय हातात देत नसत; ज्याच्या हाती सुकाणू, तो होडीचा तांडेल. त्यांच्या स्वतःच्या मुलाला पहिली मुलगी झाली, तरी त्याला सुकाणू मिळालं नव्हतं. तो वैतागून म्हणे, "बापूस झालो, पन तांडेल काय न्हाय झालो!"

काका हसत. "पोर व्हायाला डोका लागत न्हाय रे."

सुकाणू देण्याआधी ते परीक्षा घेत. पोरगा एकटा असताना नव्हे. शेजारच्या होडीत त्याचे मित्र असताना. मित्रांनी आरोळी ठोकली की पोरगा हमखास शर्यतीला लागे आणि होडी गाळाकडे वळे. काका शांतपणे त्याला उठवत. "एकटा असतंय तवा शाना. चार जना बगाय लागलं का डोका पान्यात. हात आदी येतान, डोका मागशी येतं."

मी बाजारात विकायला त्यांची मासळी घेत असे. डोक्यावरच्या टोपलीपासून सुरुवात करून भाईंदर पश्चिमेला मी स्वतःचा गाळा केला, कुणाच्या मेहेरबानीने नाही. भाव ठरवताना माझ्या तोंडी लागायला भलेभले घाबरत. काका मात्र मी ओरडू लागले की विडी पेटवत, आणि विडी संपली की विचारत, "झाला, बाय? आता खरा भाव बोल."

त्यांच्याच होडीवर रोशन होता, सतरा वर्षांचा. एका दुपारी मी गाळा बंद करत असताना तो दोन मित्रांना घेऊन आला. मित्र मागून म्हणत होते, "खींच ना, डर गया क्या?" माझ्या गळ्यातल्या साखळीसाठी त्याने कोयता चालवला. मी हात मध्ये घातला. उजव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत.

खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा की नाही, हे बाल न्याय मंडळ ठरवणार होतं. त्यासाठी एक बाई गावात चौकशीला येणार होत्या. मी आधी काकांना गाठलं.

"काका, सांगा त्यांना, पोरगा पुरा बाप्या आहे. तुमचं जाळं ओढतो की नाही?"

"जाला वढतं. सुकान न्हाय दिलं मी त्याला."

"म्हणजे माझी बोटं फुकट गेली?"

"फुकट कशी? सजा होवं दे. पन बाप्याची नको."

"मग उद्यापासून तुमची मासळी दुसऱ्या कुणाला विका."

"बरा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी विडी पेटवली नाही.

चौकशीच्या बाईंना त्यांनी तेच सांगितलं. खटला मोठ्यांच्या कोर्टात गेला नाही. रोशनला सुधारगृहात ठेवलं. त्या बाई मला समजावू लागल्या, की या वयात जोर आधी येतो, मेंदूचा आवर घालणारा भाग विशीनंतरही तयार होत राहतो, आणि मित्रांसमोर तो आणखीच कमी पडतो. मी ओरडले, "हे मला अडाणी म्हाताऱ्याने आधीच ऐकवलंय! माझी बोटं कधी तयार होणार, ते सांगा!"

काकांशी मी दोन वर्षं बोलले नाही. मासळी काय, कुठेही मिळते. पण बाजारात ओरडून झालं की मी अजून क्षणभर थांबते, आणि विचारणारं कुणी नसतं.

काका अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. सुटून आलेला रोशन अंगणात जाळं विणत बसला होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. काकांनी माझा हात घेऊन ताठ बोटं चाचपली.

"दुखतान?"

"थंडीत."

"पोराशी बोलशील?"

"नाही."

"नको बोलू. तो तुजा हक हाय."

आठवड्याने ते गेले. रोशनने खांदा दिला. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत राहिले. राग माझा आहे, तो मी सोडलेला नाही. पण "पोर कसला, पुरा बाप्या होता तो" असं मी पूर्वी भेटेल त्याला सांगायचे. ते आता सांगत नाही.